गोळीला डोस असतो, मग चालण्याला का नाही?

आपल्याकडे डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. चिठ्ठी लिहून झाली, पेनाला टोपण लागलं, पुढच्या पेशंटसाठी बेल वाजली, आणि तुम्ही दाराशी पोचलात की मागून आवाज येतो, "आणि हो, थोडं चालत जा." आपणही वळून मान डोलावतो, "हो हो, नक्की". झालं, व्यायामाचा विषय संपला!

आता हेच वाक्य गोळीच्या बाबतीत ऐकून बघा. "आणि हो, थोडी मेटफॉर्मिन घेत जा." किती? कधी? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? असं मोघम बोलणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी आपण पुन्हा चढणार नाही. पण चालण्याच्या बाबतीत तेच मोघम वाक्य वर्षानुवर्षं चालतं. डॉक्टरांना त्यात काही चुकतंय असं वाटत नाही आणि आपल्यालाही नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे क्लायंट म्हणतो, "सिस्टीम जरा फास्ट करा." अशी रिक्वायरमेंट आली की अनुभवी माणूस कपाळाला हात लावतो. जरा म्हणजे किती? कोण करणार? कधीपर्यंत? झालं हे कसं तपासणार? या चार प्रश्नांची उत्तरं नसली तर ते काम होत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं सत्य. "थोडं चालत जा" ही नेमकी तशीच रिक्वायरमेंट आहे. मग पेशंट चालत नाही आणि डॉक्टर म्हणतात, "लोक ऐकतच नाहीत हो!"

माझं म्हणणं एवढंच आहे की लोक ऐकत नाहीत हे अर्धसत्य आहे. त्यांना ऐकण्यासारखं काही सांगितलंच जात नाही, हे उरलेलं अर्धं.

आधी थोडे आकडे, कारण त्याशिवाय प्रश्न केवढा आहे ते कळत नाही. आयसीएमआरच्या 'इंडियाब' या मोठ्या पाहणीचा शारीरिक हालचालींवरचा पहिला अहवाल २०१४ साली आला. त्यात तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगढसोबत आपला महाराष्ट्रही होता. पाहणीतली ५४.४ टक्के माणसं निष्क्रिय गटात मोडली, आणि केवळ आवड किंवा तब्येत म्हणून फिरणारी-खेळणारी माणसं १० टक्क्यांपेक्षाही कमी निघाली. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधे आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातली जवळजवळ निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. त्यात पुरुष साधारण ४२ टक्के आणि बायका ५७ टक्के. याच 'इंडियाब'ने २०२३ साली सांगितलं की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

हे उंबरठ्यावरचे लोक कुठे असतात? आमच्या प्रतापनगरात या, दाखवतो! निवृत्त कर्मचारी, शिक्षक, बँकवाले, आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधे नाहीतर मिहानमधे दिवसभर खुर्चीला चिकटलेली आमच्यासारखी मंडळी. त्रिमूर्तीनगरपासून खामल्यापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब आणि मेडिकल अशी तिकडी दिसतेच. कोपऱ्यावरून दही आणायचं तरी ॲक्टिवाला किल्ली लागते. बागेत चालायला जाणारी माणसंही बागेपर्यंत गाडीने जातात आणि आत पाच चकरा मारून पुन्हा गाडीने परत येतात. म्हणजे दवाखाने भरपूर, सल्ला फुकट, आणि पाय मात्र जागच्या जागी.

सल्ला का पोचत नाही याचं घरचंच उदाहरण सांगतो. माझी आई चौसष्ट वर्षांची, शुगर आणि गुडघे अशी जोडी. शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काकू, रोज चालायलाच पाहिजे बरं का." पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "गुडघ्याला जपा, फार लोड देऊ नका." दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण दोघांच्याही चिठ्ठीवर यातला एक शब्द नव्हता, गोळ्या मात्र पाच होत्या. आईने दोन सल्ल्यांपैकी सोयीचा निवडला आणि चार महिने गुडघ्यांना 'जपलं'. मी काही बोललो की उत्तर तयार, "दिवसभर घरात चालूनच राहिली ना मी! अजून कुठे चालू?" चार महिन्यांत वजन वाढलं, शुगर वाढली, एक गोळी वाढली आणि वजनापायी गुडघे आधीपेक्षा जास्त कुरकुरायला लागले.

मग एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन्ही जेवणांनंतर सपाट जागी दहा मिनिटं चालायचं. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर निम्मं करायचं, बंद करायचं नाही. तीन आठवड्यांनी कागद घेऊन दाखवायला यायचं. तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटला. मी इतके महिने घसा कोरडा करत होतो ते काम या कागदाने केलं. आता कोणी जेवणानंतर टीव्हीसमोर बोलावलं तर आई म्हणते, "थांब, दहा मिनिटं लिहिली आहेत मला."

"लिहिली आहेत मला", हे वाक्य लक्षात ठेवा. यात सगळं आलं.

हा काही फक्त माझ्या आईचा स्वभाव नाही. न्यूझीलंडमधे 'ग्रीन प्रिस्क्रिप्शन' नावाचा प्रकार गेली पंचवीसेक वर्षं चालू आहे. डॉक्टर किंवा नर्स पेशंटशी बोलून व्यायाम चक्क चिठ्ठीवर लिहून देतात. तिथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तोंडी सल्ला आणि लेखी सल्ला यांची तुलना केली होती. लेखीवाल्यांनी जास्त हालचाल केली. नंतर २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधे मोठी चाचणी आली: ४२ दवाखाने, ८७८ बसून राहणारी माणसं, वय ४० ते ७९. इथे लेखी सल्ल्याला पुढच्या तीन महिन्यांत फोनवरून पाठपुराव्याची जोड होती. वर्षभराने आठवड्याला अडीच तासांचं लक्ष्य गाठणाऱ्यांचं प्रमाण ग्रीन प्रिस्क्रिप्शनच्या गटात १४.६ टक्क्यांनी वाढलं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४.९ टक्क्यांनी. म्हणजे दहा जणांमागे एक जादा माणूस उठून चालायला लागला.

दहात एकच? असं वाटेल. पण आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना विचारतो, एका कागदाने आणि दोन-चार फोनांनी दहातल्या एकाची वर्षभराची सवय बदलणारं ॲप कुणी बनवलं असतं तर त्याला किती फंडिंग मिळालं असतं?

आता डॉक्टरांची बाजू. ती खरी आहे आणि ती सोडून बोलणं अन्यायाचं होईल. २०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टर-पेशंट भेटीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमधे एक भेट साधारण साडेबावीस मिनिटांची, आणि भारतात दोनेक मिनिटांची! बाहेर तीस पेशंट बसलेले असताना डॉक्टरांनी दोन मिनिटांत नाडी बघायची, रिपोर्ट वाचायचे, गोळ्या लिहायच्या, आणि वर चालण्यावर प्रवचन द्यायचं? शिवाय गोळीच्या मागे कंपनी उभी असते. तिचा एमआर बॅग घेऊन येतो, नमुने देतो, आठवण करतो. चालण्याचा एमआर नसतो. चालणं विकून कुणालाच काही मिळत नाही, त्यामुळे त्याची आठवण करून द्यायला दवाखान्यात कोणी येत नाही.

पण दोन मिनिटं कमी पडत असतील तर सगळं काम त्या दोन मिनिटांतच का बसवायचं? आमच्याकडे सर्व्हरवर लोड आला की काही कामं आधी उरकून ठेवतात, काही नंतर करतात. दवाखान्यातही तेच करता येईल. पेशंट बाहेर अर्धा-पाऊण तास बसलेलाच असतो. अमेरिकेत कायसर पर्मनंटे या संस्थेने २००९ साली बीपी आणि वजनाबरोबर दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली. आठवड्यातून किती दिवस दमवणारी हालचाल करता? आणि त्या दिवशी किती मिनिटं? दोन आकड्यांचा गुणाकार केला की आठवड्याची मिनिटं आली. हे विचारायला डॉक्टर कशाला हवेत? कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरची मुलगी वजन घेताना विचारून केसपेपरवर लिहू शकते. डॉक्टरांसमोर बीपी १४०/९०, वजन ७८, चालणं ० असं एका ओळीत आलं की तो शून्य त्यांनाही टोचेल आणि पेशंटलाही.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीत आशाताई घरोघरी जाऊन जो फॉर्म भरतात, त्यात हा प्रश्न आहेच: आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल करता का? नसेल तर जोखमीचा एक गुण वाढतो. म्हणजे वस्तीतल्या आशाताई जो प्रश्न विचारतात तो पाचशे रुपये फी घेणाऱ्या दवाखान्यात विचारला जात नाही. गंमत आहे, नाही?

प्रश्न विचारून झाला, आता डोस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. पण ज्याचा आकडा शून्य आहे त्याला पहिल्याच दिवशी १५० सांगणं म्हणजे नवशिक्याला पहिल्या दिवशी पूर्ण प्रॉडक्ट लिहायला बसवणं. त्याला दहा मिनिटं द्या. कुठली दहा? ते आपल्या आज्या आधीच सांगून गेल्यात. शतपावली! न्यूझीलंडच्याच ओटागो विद्यापीठाने २०१६ साली मधुमेहाच्या ४१ पेशंटवर एक प्रयोग केला. दिवसात केव्हाही सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरचा फरक तर २२ टक्के होता. दहा मिनिटांत साधारण हजार पावलं होतात, तेव्हा हिला सहस्रपावली म्हणू. पण कल्पना तीच. मराठी पेशंटला "पोस्ट-मील वॉक" सांगण्यापेक्षा "काकू, शतपावली, पण घड्याळ लावून दहा मिनिटं" हे सांगितलं तर किती लवकर पटेल!

डोस गावाप्रमाणेही बदलला पाहिजे. पुण्याच्या डॉक्टरांनी संध्याकाळी पाचला चालायला सांगितलं तर ठीक. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथे मे महिन्यात पाचला चाला सांगणं म्हणजे पेशंटला ऊन लागायला पाठवणं. इथल्या चिठ्ठीवर ऋतू हवा: एप्रिल ते जून पहाटे साडेपाच किंवा रात्री जेवणानंतर, पावसाळ्यात घरातल्या घरात, थंडीत केव्हाही. आणि जागा हवी. "कुठेतरी" चालणारा माणूस कुठेच चालत नाही. अंबाझरी तलावाकडे, घराजवळच्या बागेत, गच्चीवर, अपार्टमेंटच्या पार्किंगमधे, जिथे जमेल ते नाव लिहा. चालणं जमतच नसेल तर रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ काही लांब नाही, ते लिहा.

तिसरी गोष्ट भीतीची. कितीतरी माणसं आळसाने नाही, भीतीने बसून असतात. छातीत धडधडलं तर? शुगर उतरून चक्कर आली तर? यावर "काही होत नाही हो" हे उत्तर नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवायला सांगा. छातीत दुखलं, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, चक्कर आली तर थांबा आणि या, असं लिहून द्या. कुठे थांबायचं ते कळलं की माणूस सुरू करायला घाबरत नाही.

आणि बायकांच्या बाबतीत एक जादा प्रश्न विचारा, "वेळ कोण देणार?" सत्तावन्न टक्क्यांचा आकडा आळशीपणाचा नाही. सकाळी साडेपाचला चहा, डबे, पाणी भरणं, त्यात फिरायला जायचं कुणी? डॉक्टरांनी सोबत आलेल्या नवऱ्याकडे किंवा मुलाकडे बघून "सकाळचा चहा आजपासून तुमच्याकडे" असं म्हटलं तर तोही उपचारच आहे. घरी सुनेने किंवा लेकीने हेच सांगितलं तर वाद होतो. डॉक्टरांचं वजन इथे वापरायला काय हरकत आहे?

सगळ्यात महत्त्वाचं मात्र पुढच्या भेटीत आहे. पुढच्या वेळी विचारलंच नाही तर कागद फ्रिजवरून रद्दीत जातो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याला नियमित पाठपुराव्याची जोड दिली तर मधुमेह होण्याची जोखीम २८.५ टक्क्यांनी कमी झाली, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. बरोबरीचा सामना! याच गटाने २०१३ साली त्याहून स्वस्त गोष्ट करून दाखवली. ५३७ पुरुषांना सुरुवातीला सल्ला सारखाच दिला, पण निम्म्यांना त्यानंतर मोबाईलवर नियमित एसएमएस पाठवले. दोन वर्षांनी एसएमएस न मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, मिळालेल्यांपैकी १८ टक्के. साधे एसएमएस, ना स्मार्टवॉच ना ॲप. आज प्रत्येक दवाखान्याकडे पेशंटचा मोबाईल नंबर असतो आणि त्यावर "आमच्याकडे फुल बॉडी चेकअपवर ३० टक्के सूट" असे मेसेज येतात. त्याच नंबरवर "काकू, आज शतपावली झाली का?" एवढं पाठवायला काय लागतं? तेवढी स्क्रिप्ट तर माझा इंटर्नही एका दुपारी लिहून देईल.

आता थोडं नाजूक. डॉक्टर स्वतः चालतात का? २००० साली अमेरिकेत अटलांटामधे एक मजेदार अभ्यास झाला. पेशंटना एका डॉक्टरबाईंचे दोन व्हिडिओ दाखवले. सल्ला तोच, पण एका व्हिडिओत बाई स्वतःच्या खाण्यापिण्याबद्दल आणि व्यायामाबद्दल अर्धा मिनिट बोलतात, आणि टेबलावर सायकलचं हेल्मेट आणि एक सफरचंद दिसतं. पेशंटना त्याच बाई जास्त विश्वासार्ह वाटल्या. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण म्हणजे डॉ. अभय बंग. नागपूरच्याच मेडिकलमधे शिकलेल्या, गडचिरोलीत आयुष्य घालवणाऱ्या या डॉक्टरांना ऐन चाळिशीत हृदयरोगाने गाठलं. त्यानंतर आपली जीवनशैली कशी बदलली हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात लिहिलं. ते २००० साली आलं आणि मराठी घराघरात पोचलं. त्यातल्या सल्ल्यात जगावेगळं फारसं काही नव्हतं. लोकांनी ऐकलं कारण सांगणारा माणूस ते स्वतः करत होता. तेव्हा डॉक्टरसाहेब, सकाळी बागेत पेशंटना तुम्ही दिसलात तर त्या दिवशीचा अर्धा सल्ला देऊन झाला म्हणून समजा.

"पण रस्त्यांचं काय? फुटपाथवर गाड्या, कोपऱ्यावर कुत्री, चालायचं कुठून?" हा प्रश्न रास्त आहे. त्यावरही चेन्नईतलंच उदाहरण आहे. तिथल्या आशियाड कॉलनी नावाच्या मध्यमवर्गीय वस्तीत मधुमेहाच्या डॉक्टरांनी लोकांना व्याख्यानं दिली, रिपोर्ट समजावून सांगितले. मग लोकांनी स्वतःच पैसे गोळा करून वस्तीत बाग केली. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा चालणारे १४ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांच्या आसपास गेले, असं २००६ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो. डॉक्टरांनी फावडं हातात घेतलं नव्हतं, फक्त क्लिनिकबाहेर येऊन बोलले होते. आमच्या लेआउटमधे तर बागा आयत्या आहेत, कित्येक ठिकाणी ग्रीन जिमही आहे. कमी आहे ती महिन्यातून एका रविवारी तिथे येऊन अर्धा तास बोलणाऱ्या डॉक्टरची.

सगळ्यांना एका कागदाने फरक पडेल असं माझं म्हणणं नाही. दहातला एक, लक्षात आहे ना? पण उरलेल्या नऊंसाठी आजचा मोघम सल्ला तरी काय करतोय?

डॉक्टर वाचत असतील तर त्यांना विनंती पोचली. पण इथे येणारे बहुतेक जण तुमच्या-माझ्यासारखे, आईबाबांच्या अपॉइंटमेंटसाठी हाफ डे टाकणारे. तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी त्यांना घेऊन जाल तेव्हा चिठ्ठी हातात आल्यावर लगेच उठू नका. म्हणा, "डॉक्टरसाहेब, चालण्याचंही याच्यावरच लिहून देता का? किती मिनिटं, कधी, कुठे, आणि कधी थांबायचं?" डॉक्टर एक क्षण बघतील तुमच्याकडे. बघू द्या. वीस सेकंदांचं काम आहे, नाही म्हणणार नाहीत. आणि घरी आल्यावर तो कागद फाईलमधे ठेवू नका, फ्रिजवर लावा.